बांधाखालचे पाणी आणि सदसत् संख्या



नदीला बांध घातला म्हणजे पाणी अडले, असे आपण बोलण्याच्या ओघात म्हणतो. बांध घालणाऱ्याला मात्र पक्के ठाऊक असते की पाणी पुरतेपणी कधीच अडत नाही. त्याची चाल तेवढी मंदावते. जे वरून जात नाही ते खालून जाते, जे खालून जात नाही ते बांधाच्या पोटातून जाते. आपल्या नांदेड जिल्ह्यात कंधारला राष्ट्रकूटांच्या एका बिरुदाचे नाव मिरविणारा जगत्तुंग सागर आजही आहे. हजार वर्षांपासून या मुलखात तळी बांधली जात आहेत, आणि तितकीच वर्षे पाझराशी झुंज चालू आहे. ही झुंज पूर्वी हाताच्या अनुभवाने लढली जाई. गेल्या दीडशे वर्षांत तिच्यात गणित उतरले; आणि मौज अशी की उतरले ते गणित अगदीच अव्यवहारी समजले गेलेले, उणे एकच्या वर्गमुळाचे. ते बांधाखाली कसे पोचले, याचा इतिहास आज आपल्यापुढे मांडावयाचा आहे.

मराठवाड्यात हा निव्वळ कुतूहलाचा विषय नव्हे. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीच्या दहा टाक्यांत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. ज्या मांजरा धरणावर लातूर अवलंबून, ते बीड जिल्ह्यातील धनेगावचे धरण त्या वेळी कोरडे पडले होते. ज्या मुलखात एका वर्षी धरणाचा तळ दिसतो आणि दुसऱ्या वर्षी तेच धरण तुडुंब भरून दारे उघडावी लागतात, तेथे बांधाला दोन्ही बाजूंनी परीक्षा द्यावी लागते. टंचाईत गळती परवडत नाही, आणि भरल्या धरणात गळतीने बांधच नेला तर खालची गावे राहत नाहीत.

प्रथम एक अपघात सांगतो. गंगेवर नरोरा येथे लोअर गँजेस कालव्यासाठी बंधारा बांधलेला होता. पाया वाळूचा. १८९८ साली हा बंधारा फुटला. पुराने वरून घाव घातला असे घडले नाही. खालून झिरपणाऱ्या पाण्याने फरशी उचलली आणि पायातली वाळू वाहून नेली. पंजाबात चिनाब नदीवरील खानकी बंधाऱ्यानेही त्याच सुमारास इंजिनियरांची झोप उडविली होती, आणि रुरकीस कर्नल क्लिबर्न यांनी वाळू भरलेल्या नळांतून पाणी सोडून प्रयोग केले होते. या साऱ्यातून १९१० साली ब्लाय नावाच्या इंजिनियराने एक सुटसुटीत नियम दिला. बंधाऱ्याच्या तळाला चिकटून पाणी जेवढे अंतर सरपटते, तेवढ्या अंतरात त्याचा जोर सारख्या प्रमाणात खर्च होतो; म्हणून हे अंतर पुरेसे लांब ठेवा म्हणजे झाले. उत्तर हिंदुस्थानातील बारीक वाळूत ते अडलेल्या पाण्याच्या उंचीच्या पंधरापट ठेवावे. नियम त्रैराशिकाचा होता, ओव्हरसियरलाही कळणारा होता, आणि वीस वर्षे त्यावर बंधारे उभे राहिले. तो चुकीचा होता. पण तो कोठे चुकला हे दाखवावयास ज्या गणिताची गरज होती, ते तोवर फ्रान्स-जर्मनीच्या विद्यापीठांत दीडशे वर्षे दुसऱ्याच कामात गुंतले होते.

सोळाव्या शतकात इटालियन गणितज्ञांना घनसमीकरणे सोडविताना उणे संख्यांची वर्गमुळे भेटली. कोणतीही सरळ संख्या स्वतःने गुणली तर उत्तर उणे येत नाही, म्हणून यांना काल्पनिक म्हटले गेले. सरळ संख्या आणि काल्पनिक संख्या यांची जोडी म्हणजे मराठी विश्वकोशाच्या शब्दांत सदसत् संख्या. आज कोणी संमिश्र संख्या असेही म्हणतात. मला सदसत् हा शब्द आवडतो. सत् आणि असत् एका घरात नांदतात, आणि घर मोडत नाही. अशी संख्या कागदावर बिंदू म्हणून मांडता येते: सत् भाग आडवा मोजावा, असत् भाग उभा. एवढे ध्यानात ठेवले तर पुढचे सारे समजेल.

१७५० साली बर्लिनच्या अकादमीने द्रवाच्या प्रतिरोधावर बक्षीस ठेवले होते. फ्रेंच गणितज्ञ दालांबेर याने निबंध धाडला. अकादमीने बक्षीस कोणालाच दिले नाही. तेव्हा त्याने तो निबंध १७५२ साली पुस्तकरूपाने छापला. त्यात त्याने पाण्याच्या वेगाचे आडवा आणि उभा असे दोन भाग केले, आणि पाणी दाबून लहान होत नाही व जागच्या जागी गरगरत नाही एवढे मानून त्या दोन भागांना बांधणारी दोन समीकरणे लिहिली. हीच समीकरणे आज कोशी-रीमान यांच्या नावाने महाविद्यालयात शिकविली जातात. कोशी दालांबेरनंतर दोन पिढ्यांनी आला, रीमानचा प्रबंध तर १८५१ चा. म्हणजे ज्या समीकरणांवर सदसत् चलांचे सारे शास्त्र उभे आहे, ती प्रथम पाण्यासाठी लिहिली गेली. आपल्याकडे बी. एस्सी. च्या विद्यार्थ्याला ती समीकरणे फळ्यावर भेटतात. पाण्याचा त्यांच्याशी काही संबंध आहे, हे त्याला सांगण्याची पद्धत नाही. इंजिनियरिंगच्या विद्यार्थ्याला बंधाऱ्याची कोष्टके भेटतात. ती कोठून आली हे त्याला सांगण्याची पद्धत नाही. दोघे एकाच गावात राहून एकमेकांना ओळखत नाहीत, याला काय म्हणावे?

त्या समीकरणांचा अर्थ असा. सदसत् चलाचे कोणतेही सुरळीत फलन घ्या. त्यातून वक्र रेषांची दोन कुळे निघतात आणि ती एकमेकांना सर्वत्र काटकोनात छेदतात. एक कूळ म्हणजे पाण्याच्या कणांच्या वाटा. दुसरे कूळ म्हणजे सारख्या जोराच्या रेषा. याचा अर्थ, गणितज्ञाने फलन लिहिले की कोठल्या तरी प्रवाहाचा नकाशा आपोआप तयार होतो. शोधावयाचे एवढेच की तो कोणत्या बांधाचा. त्यासाठीही तोड निघाली. रबराचा चौकटीचा पत्रा असा ताणावा की त्यावरचा प्रत्येक बारीक चौकोन लहान-मोठा झाला, वळला, तरी चौकोनच राहावा. असे ताणणे म्हणजेच सदसत् फलन. १८६०-७० च्या दशकात ख्रिस्तोफेल आणि श्वार्ट्‌झ या दोन जर्मन गणितज्ञांनी कोनाकोपऱ्यांची कोणतीही आकृती अशा रीतीने सरळ रेषेत कशी उलगडावी याचे सूत्र दिले. बंधाऱ्याची फरशी, तिच्याखाली उतरलेली भिंत, यांची आकृती कोनाकोपऱ्यांचीच असते.

पण मध्येच एक मोठी नामुष्की झाली होती. दालांबेरच्या गणिताप्रमाणे वाहत्या नदीत उभ्या असलेल्या दगडाला पाणी मुळीच ढकलत नाही असे निघाले. गोदावरीच्या पुरात कमरेइतक्या पाण्यात उभा राहिलेला माणूस यावर काय म्हणेल ते सांगावयास नको. घर्षण वगळले म्हणून हे घडले. त्यामुळे व्यवहारी माणसांनी या गणिताकडे पाठ फिरविली, आणि त्यांचे फारसे चुकले नाही. ज्या वर्षी नरोरा फुटला त्याच १८९८ साली इंग्लंडात हेल-शॉ या इंजिनियराने काचेच्या दोन तावदानांमध्ये केसाएवढी फट ठेवून तीतून रंगीत धारा सोडल्या. फटीत घर्षण एवढे की पाणी कसेबसे सरकते. तरी धारांनी जे चित्र काढले ते घर्षणरहित पाण्याच्या गणितातले हुबेहूब चित्र. स्टोक्सने त्याच वर्षी याची उपपत्ती दिली. मातीच्या कणांमधल्या फटी म्हणजे अशीच असंख्य तावदाने. दार्सी या फ्रेंच इंजिनियराने १८५६ साली दिजाँ शहराच्या पाणीपुरवठ्याच्या अहवालात दाखविले होते की वाळूतून झिरपण्याचा वेग हा त्या वाटेवर जोर किती वेगाने खर्च होतो त्याच्या प्रमाणात असतो. या नियमातून दालांबेरचीच समीकरणे निघतात. उघड्या नदीत फजीत झालेले गणित जमिनीखाली अचूक ठरते, ही या इतिहासातील मला सर्वांत विलक्षण वाटणारी गोष्ट आहे.

आता पंजाबकडे परत जाऊ. १९२६-२७ च्या सुमारास अप्पर चिनाब कालव्यावरील, ब्लायच्या नियमाने बांधलेले सायफन त्रास देऊ लागले. अयोध्यानाथ खोसला या तरुण इंजिनियराने फरशीत नळ्या बसवून खालच्या पाण्याचा जोर प्रत्यक्ष मोजला, आणि मोजमापे नियमाशी जुळेनात. पुढे पंजनद बंधाऱ्यात मुद्दाम नळ्या बसविण्यात आल्या. तोपर्यंत रशियात पाव्हलॉव्हस्की यांनी १९२२ साली, अमेरिकेत वॉरन वीव्हर या गणितज्ञाने १९३२ साली या प्रश्नाची सदसत् फलनाने उकल केली होती. खोसला यांनी गणिताची बाजू सांभाळणारे डॉ. एन. के. बोस आणि लाहोरच्या संशोधन संस्थेचे मॅकेंझी टेलर यांना बरोबर घेतले. १९३६ साली सेंट्रल बोर्ड ऑफ इरिगेशनने तिघांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. वाळूवरचे बंधारे भारतात त्यानंतर त्याच ग्रंथाने बांधले जाऊ लागले.

ब्लाय कोठे चुकला, ते साध्या आकड्यांनी सांगता येते. वाळूवर नुसती सपाट फरशी आहे, खाली भिंत नाही, असे धरा. खालच्या टोकापासून पाव लांबीवर, ब्लायच्या त्रैराशिकाने पाण्याचा पाव जोर शिल्लक असावा. सदसत् फलनाने तेथे एक तृतीयांश निघतो. टोकापासून एक अष्टमांश लांबीवर ब्लायने साडेबारा टक्के सांगितले; फलन तेवीस टक्के सांगते. म्हणजे जेथे इंजिनियर विश्वासाने फरशी पातळ करीत होता, तेथेच खालून जवळजवळ दुप्पट जोर होता. आणि अगदी टोकाला? तेथे गणित म्हणते की पाणी वर उसळण्याचा उतार अनंत आहे. अनंत ही कागदावरची गोष्ट. वाळूत तिचे रूप म्हणजे वाळूला फुटलेली उकळी. कण निघून जातात, पोकळी मागे मागे सरकत बांधाच्या पोटाखाली शिरते, आणि एक दिवस पाण्याला सरळ बोगदा मिळतो. उपायही गणितानेच सांगितला. फरशी लांबवून काही होणार नाही. खालच्या टोकाला भिंत खोल उतरवा, की तो अनंत उतार एकदम आवाक्यात येतो. बारीक वाळूत बाहेर पडताना सहा ते सात फूट वाटेला एक फुटाहून अधिक जोर खर्च होता कामा नये, असे प्रमाण खोसला यांनी घालून दिले.

खोसला नळ्या रोवीत होते त्या सुमारास आपण हैदराबाद संस्थानात होतो, आणि लातूरकडून वाहत जाणाऱ्या मांजरेवर खाली निजामसागर बांधले जात होते. १९२३ ते १९३१ असे ते काम चालले. नवाब अली नवाज जंग हे त्याचे प्रमुख इंजिनियर. ते दगडी धरण. दख्खनच्या नद्यांत थोडे खोदले की बहुधा कातळ लागतो, त्यामुळे गंगेच्या वाळूची चिंता आपल्याला त्याच रूपात नाही. आपली चिंता वेगळी आहे. पैठणचे जायकवाडी, ज्याची कोनशिला १९६५ साली बसली आणि उद्घाटन १९७६ साली झाले, जवळजवळ दहा किलोमीटर लांबीचे मातीचे धरण आहे. पूर्णेवरील येलदरी, पैनगंगेवरील इसापूर, तेरणेवरील माकणी, मांजरेवरील धनेगाव, या सर्वांत नदीपात्र सोडले की दोन्ही बाजूंना मैलोगणती मातीच आहे. पाणी येथे बांधाच्या पोटातून जाते.

व्हिएन्नाच्या कोझेनी यांनी १९३१ साली या प्रश्नाचे उत्तर काढले, आणि हार्वर्डच्या आर्थर कासाग्रांदे यांनी १९३७ साली ते इंजिनियरांच्या हाती दिले. त्यात वापरलेले फलन सर्वांत साधे आहे: संख्येचा वर्ग. आपण घरी आलेखाच्या कागदावर करून पाहावे. सदसत् संख्येचा वर्ग करावयाचा म्हणजे आडव्या भागाच्या वर्गातून उभ्या भागाचा वर्ग वजा करावा, तो नवा आडवा भाग. दोहोंच्या गुणाकाराची दुप्पट, तो नवा उभा भाग. तीन आणि दोनची जोडी घेतली तर नऊ वजा चार पाच, आणि दोहोंचा गुणाकार सहा, त्याची दुप्पट बारा, बिंदू पाच-बारा. आता उभा भाग एकच ठेवून आडवा भाग शून्य, एक, दोन, तीन असा वाढवीत चला. बिंदू येतात उणे एक-शून्य, शून्य-दोन, तीन-चार, आठ-सहा. जोडून पाहा: अन्वस्त वक्र, ज्याला आपण पॅराबोला म्हणतो, तो उमटतो. आणि त्याची उंची शून्य, दोन, चार, सहा अशी सारख्या पायऱ्यांनी चढते. यातच सारे मर्म आहे. धरणाच्या पोटात ओल जेथवर चढते त्या वरच्या रेषेवर हवेचा दाब सर्वत्र सारखा. म्हणून तेथे पाण्याचा जोर म्हणजे निव्वळ उंची, आणि सारखा जोर खर्च झाला की सारखीच उंची उतरली पाहिजे. वर्गाचे फलन हे आपणहून पाळते. ओलीची रेषा पॅराबोला आहे, आणि तिची नाभी खालच्या बाजूच्या गाळणीच्या थराच्या आरंभी आहे. धरणाच्या दर मीटर लांबीतून पाणी किती झिरपेल, याचे उत्तर मातीचा पाझर-गुणांक गुणिले नाभीवरची त्या वक्राची उंची. आमच्या कागदावर ती उंची दोन.

गाळणीचा थर नसेल तर ओलीची ही रेषा धरणाच्या खालच्या उतारावर बाहेर पडते, उतार भिजून घसरू लागतो. थर असेल तर रेषा त्याच्याकडे वाकते आणि उतार कोरडा राहतो. धरणावर काम केलेल्या मुकादमाला हे ठाऊक असते. त्याचा तो हार्टिंगचा काळ्या चिकण मातीचा गाभा, केसिंगचा मुरूम आणि पायथ्याचा रॉक टो, सारे त्या एका रेषेला खाली ओढण्यासाठी आहे.

येथे गणिताची मर्यादाही सांगितली पाहिजे. कोझेनीची माती सर्वत्र एकसारखी आहे, आपली नाही. थरावर थर टाकून रोलर फिरविला की माती आडवी जास्त पाझरते, उभी कमी. याला तोड आहे: आडवा पाझर उभ्याच्या नऊपट असेल तर आडवे माप एक तृतीयांश करून चित्र काढावे, मग पुन्हा ताणावे. परंतु झाडाचे कुजलेले मूळ, उंदराचे बीळ, उन्हाळ्यात काळ्या मातीला पडलेली भेग, यांना फलन नाही. तेथे नळ्या हव्यात, पाझर मोजणारा व्ही-नॉच हवा, आणि रोज जाऊन पाहणारा माणूस हवा. जलाशयाची पातळी तीच असता पाझर वाढला, किंवा स्वच्छ येणारे पाणी गढूळ येऊ लागले, तर बांधातली माती निघाली असे समजावे. २ जुलै २०१९ च्या रात्री रत्नागिरी जिल्ह्यातील तिवरे धरण फुटले आणि माणसे वाहून गेली. ते मातीचे होते, आणि गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती. नंतर खेकड्यांवर खापर फोडले गेले. खेकड्याने बीळ केलेच असेल असे धरले, तरी त्या बिळातून येणारे पाणी कोणी मोजत होते काय, हा प्रश्न उरतोच.

आता उलट बाजू. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीच्या कामांवर मराठवाड्यात ठिकठिकाणी पाझर तलाव खोदले गेले. येथे पाणी जमिनीत मुरावे हाच हेतू. समीकरण तेच, इच्छा मात्र उलट. जमिनीखालच्या पाण्याच्या या गणिताला सर्वांत पूर्ण रूप दिले ते पेलगेया पोलुबारिनोव्हा-कोचिना या रशियन विदुषीने. तिचा ग्रंथ १९५२ सालचा, इंग्रजी भाषांतर १९६२ चे. विहिरीचे फलन वर्गाचे नसून लॉगरिदमचे असते, आणि दोन विहिरी असल्या तर दोन फलनांची नुसती बेरीज करावयाची. लातूरच्या शेतात हे गणित अंदाजाचेच राहते, कारण बेसाल्टमध्ये पाणी भेगांतून जाते. तरी त्यातून एक गोष्ट निघते ती बोअर पाडणाऱ्या प्रत्येकाने ऐकावी. बेरीज करावयाची म्हणजे शेजाऱ्याने उपसा केला की तुमच्या बोअरमधली पातळीही तेवढ्या हिश्शाने उतरणार, मग मधला बांध कितीही जुना आणि सातबारा कोणाच्याही नावाचा असो. आणि दोघांचा उपसा सारखा असेल, तर दोन बोअरच्या बरोबर मध्ये एक बिंदू सापडतो, जेथे जमिनीतले पाणी दोहोंकडून ओढले जाते आणि कोणाकडेच जात नाही.